टिटवीचा हुक

माझी बदली गाझियाबादच्या पलीकडच्या एका जुन्या धावपट्टीवर झाली. काम ग्लायडर ओढण्याचं. त्याआधी अकरा वर्षं मी हवाई दलाची मालवाहू विमानं उडवत होते. बदलीचा कागद पाहून एका सहकाऱ्याने विचारलं, "ट्रकवरून ट्रॅक्टरवर?" मी हो म्हटलं. वर्णन चुकीचं नव्हतं.

पोस्टिंग घरच्या दृष्टीने सोयीचं होतं. नवरा दिल्लीतच एका मंत्रालयात, मुलगी सहावीत. पहाटे पाचला सरकारी क्वार्टरमधून निघायचं, यमुना ओलांडायची, सहाला युनिटमध्ये हजर. साडेसहाला ब्रीफिंग. धुकं उठलं की उड्डाण, नाही उठलं तर चहा. डिसेंबर-जानेवारीत चहा जास्त व्हायचा.

ग्लायडरला इंजिन नसतं. दुसरं विमान त्याला पन्नास मीटरच्या दोराने ओढत दोन हजार फुटांवर नेतं. या विमानाला टग म्हणतात. वर पोचल्यावर ग्लायडरचा पायलट आपल्या बाजूचा हुक सोडतो आणि मोकळा होतो. टग दोर घेऊन खाली येतं, पुढचं ग्लायडर जोडतं, परत वर जातं. एक फेरी बारा मिनिटांची. चांगल्या सकाळी मी पंधरा फेऱ्या करत असे. प्रवास कुठलाच नाही. उतरायचं तिथूनच उडायचं.

आमचं टग पूर्व युरोपात बनलेलं होतं आणि दिसायला ओबडधोबड होतं. पंख डोक्यावर, पाय लांब, बाहेरच्या बाजूला गुडघ्यात मुडपलेले. नाकात नऊ सिलिंडरचं गोल इंजिन. शेपूट उंच आणि रुंद. पहिल्या दिवशी पाहिल्यावर मला टिटवी आठवली आणि मी ते नाव मोठ्याने उच्चारलं. लाइनवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात तिथल्या, हिंदी भाषकांनी त्याची लगेच टिटहरी केली. घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "टिटवी म्हणजे काय, आई? अच्छा, टिटहरी! मग तसं सांग ना यार." दिल्लीत वाढलेल्या मुलांशी मराठी पक्ष्यांबद्दल बोलताना हे होतंच.

त्या ओबडधोबडपणामागे हिशेब होता. पाय लांब, कारण मोठा पंखा जमिनीला लागता कामा नये. गुडघे मुडपलेले, कारण नांगरलेल्या शेतात उतरलं तरी धक्का पायांनीच खावा, पायलटच्या पाठीने नाही. पंखाच्या पुढच्या कडेला एक लांब फट होती. तिच्यातून हवा पंखावर जायची आणि विमान सायकलपेक्षा थोड्याच जास्त वेगात तरंगतं आहे असं वाटायचं. दारं बाजूला नाही, वर उघडायची. काचा कोपरापर्यंत खाली आलेल्या. पुढे, खाली, बाजूला, सगळीकडे दिसायचं. फक्त मागचं पाहायला कॉकपिटच्या बाहेर डावीकडे एक आरसा लावलेला होता. त्या आरशात ग्लायडर दिसत राहिलं पाहिजे, हा आमचा पहिला नियम.

कॉकपिटमध्ये शोभेची एकही वस्तू नव्हती. डायलच्या दोन रांगा. त्यांच्यावरची मूळ अक्षरं कोणालाच वाचता येत नसत, म्हणून खाली पांढऱ्या रंगाने हिंदीत नावं लिहिलेली होती. इंजिन बॅटरीने सुरू व्हायचं नाही, दाबलेल्या हवेने व्हायचं. ब्रेकही हवेचेच. त्यामुळे जमिनीवर टॅक्सी करताना विमान सतत फुसफुसायचं, म्हाताऱ्या बसगाडीसारखं. डाव्या हाताला थ्रॉटल, मध्ये स्टिक. उजव्या गुडघ्याशी इंजिनासमोरच्या झडपांचा दांडा. उतरताना झडपा वेळेवर बंद केल्या नाहीत तर गरम सिलिंडर गार हवेने तडकतात. ओढण्याचं काम इंजिन आनंदाने करतं, घाईने उतरवलेलं त्याला चालत नाही. हे वाक्य माझं नाही, मुलाणी साहेबांचं आहे.

वॉरंट ऑफिसर शब्बीर मुलाणी मूळचे सांगोल्याचे. टगची देखभाल त्यांच्याकडे होती. लाइनवर ते हिंदी बोलत. माझ्या एकटीशी बोलताना मराठी. रोज सकाळी विमान उड्डाणाला योग्य आहे अशी सही ते करत आणि मग मी ते ताब्यात घेई. सही करताना पेन एकदा कागदाच्या वर थांबायचं. ही सवय त्यांना पूर्वी नव्हती, असं जुने लोक सांगत. ती कधी लागली ते मला माहीत होतं, कारण त्या दिवशी मी तिथे होते.

मी रुजू झाले तेव्हा युनिटचे मुख्य टग पायलट फ्लाइट लेफ्टनंट सॅम्युअल साळवे होते. वय एकतीस. जन्म आणि शाळा दिल्लीत, घर हिंदूराव रुग्णालयाच्या बाजूला, रिजच्या जंगली टेकडीच्या कडेला. मला टिटवी त्यांनीच शिकवली. शिकवताना आवाज चढवत नसत. मी पहिल्यांदा झडपा बंद करायला विसरले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, मुलाणी साहेब तुम्हाला चहा देणार नाहीत." त्यांनी दिला नाही.

माझ्या दुसऱ्या महिन्यात, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, साळवे चारशे फुटांवर असताना मागचं ग्लायडर अचानक वर चढलं. मी धावपट्टीच्या कडेला ड्युटीवर होते. ग्लायडर दोराच्या टोकाला पतंगासारखं वर गेलं की दोर टगची शेपूट वर खेचतो आणि टगचं नाक जमिनीकडे वळतं. अशा वेळी स्टिक पूर्ण मागे ओढूनही काही होत नाही. टगच्या पायलटने दोर सोडायचा, एवढा एकच उपाय असतो. त्यासाठी दोन जागांच्या मध्ये जमिनीलगत पिवळा लिव्हर होता.

दोर सुटला नाही. ग्लायडरजवळ शेवटी तुटला. ग्लायडरमधले दोघं वाचले. सावरायला साळवेंना उंची पुरली नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा उजवा हात लिव्हरवरच होता. लिव्हर अर्धा वर आलेला होता.

चौकशीत कोणाचाही हलगर्जीपणा निघाला नाही. शेपटीचा हुक नंतर बसवलेला, वेगळ्या बनावटीचा होता. त्याची तपासणी रोज व्हायची. एक माणूस दोर धरून मागे सरळ ओढायचा, पायलट लिव्हर उचलायचा, हुक खट्कन उघडायचा. त्या दिवशीही उघडला होता. मुलाणी साहेबांची सही होती. कोणी कधी दोर वरच्या दिशेने ओढून पाहिला नव्हता, कारण जमिनीवर उभ्या माणसाला तसं ओढण्याचं कारणच नसतं.

ते मुलाणी साहेबांनी चौकशीनंतर पाहिलं. हँगरच्या आडव्या लोखंडी तुळईवरून दोर टाकला, टोकाला वाळूची पोती बांधली, मध्ये ताणकाटा लावला आणि मला कॉकपिटमध्ये बसवलं. सरळ ताणाला लिव्हर दोन बोटांनी उचलला जात होता. दोर वर खेचला जाऊ लागला तसा तो जड होत गेला. चौथं पोतं चढवल्यावर मी दोन्ही हात लावले. लिव्हर अर्ध्यावर अडकला. जिथे साळवेंचा अडकला होता, तिथेच.

मुलाणी साहेबांनी ताणकाट्यावरचा आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, "मॅडम, खाली उतरा." पुढचा अर्धा तास ते हँगरच्या मागे होते. कोणी तिकडे गेलं नाही.

त्यांचा अहवाल वर गेला. पाच महिने टोइंग बंद राहिलं. मंजुरी आली तेव्हा दोन बदल झाले. हुक उलटा बसवला गेला. आता दोर जितका वर खेचला जाईल तितका तो उघडायला हलका पडायचा. आणि लिव्हरचा दांडा चार बोटं लांब झाला. तिसरा बदल कागदावर नव्हता. मुलाणी साहेबांनी लिव्हरच्या मुठीवर पॅराशूटची दोरी घट्ट गुंडाळली होती. त्यामुळे जाड हातमोज्यातूनही, न बघता, हात कशावर आहे ते कळायचं.

तपासणीही बदलली. टिटवीच्या शेपटीमागे तीन खांबांचं एक तिकाटणं उभं राहिलं. दोर त्याच्यावरून वर जायचा, टोकाला चार पोती. मुलाणी साहेब हुकाजवळ उभे राहून ओरडायचे, "साळवे!" पायलटने डोळे मिटून लिव्हर शोधायचा आणि ओढायचा. पोती धप्पकन खाली पडायची. ते ओरडायचे, "साळवे ओके!" फॉर्मवर या तपासणीला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते मी कोणाच्याही तोंडून ऐकलं नाही.

पण ही सगळी जमिनीवरची परीक्षा. हवेत, खऱ्या ग्लायडरखाली हुक उघडतो का, हे कोणाला माहीत नव्हतं. मुद्दाम करून पाहण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मुलाणी साहेब निवृत्त व्हायला आले तरी ते कळलेलं नव्हतं.

साळवेंच्या आई रिजजवळच्या त्याच घरात राहत होत्या. त्या निवृत्त नर्स. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जात असे. मुलाणी साहेबांना मी, येता का म्हणून, दोनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले, ड्युटी आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, "त्या कागदावर माझी सही आहे, मॅडम. काय सांगू जाऊन?" मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

तो दिवस नोव्हेंबरातला, बुधवार. मुलाणी साहेबांच्या निवृत्तीला बारा दिवस होते. वारा नाही, दृश्यता तीन किलोमीटर. ग्लायडर फोरमध्ये कॅडेट हिमांशु मलिक, वय वीस, पानिपतचा. ही त्याची एकट्याची सहावी फेरी. मुलगा हुशार, उंचीने कमी. लाइनवर त्याची रोज थट्टा व्हायची. "मलिक, कॉकपिट में हो या घर पे?" कोणीतरी विचारायचं. "सर, बैठा हूँ, दिख नहीं रहा," तो सांगायचा.

सात वाजून पन्नास मिनिटांनी साळवे ओके झालं. आठ वाजून वीस मिनिटांनी आम्ही सुटलो. शंभर फूट, तीनशे, सहाशे. आरशात ग्लायडर जागेवर होतं. नऊशे फुटांवर आम्ही वीटभट्ट्यांच्या रांगेवर आलो. भट्टीवर गरम हवा वर चढत असते. ग्लायडरवाल्यांना ती आवडते, टगला तिचा धक्का बसतो. आधी मला बसला. मग त्याला.

आरशात पाहिलं तर ग्लायडर नव्हतं.

दुसऱ्या क्षणी शेपूट वर उचलली गेली. मी स्टिक पोटापर्यंत ओढली. नाक खालीच जात राहिलं. समोरच्या काचेत आकाश संपलं आणि भट्ट्या आल्या, रचलेल्या विटांच्या रांगा, एक ट्रॅक्टर. मी लिव्हरकडे पाहिलं नाही. हात खाली गेला, दोरीचं वेटोळं बोटांना लागलं, मी ओढला.

तो दोन बोटांच्या ताकदीने वर आला.

विमान एकदम हलकं झालं. वेग वाढलेला होता. मी नाक सावकाश वर घेतलं. सरळ झाले तेव्हा उंची पाचशे चाळीस फूट होती. मग रेडिओ.

"ग्लायडर फोर, टग वन. रोप मी सोडला आहे. तुझ्याकडे लटकतो आहे. कन्फर्म." हे मी मराठीत बोलले, ते मला नंतर टॉवरवाल्यांनी सांगितलं.

उत्तर नाही. मी पुन्हा हिंदीत म्हणाले, "मलिक, रस्सी तेरे साथ है. नाक नीचे रख. स्पीड बता."

"मॅडम... नव्वद."

"बढ़िया. अब पीली नॉब खींच. रस्सी गिरा दे."

"गिरा दी, मॅडम."

"फील्ड दिख रही है?"

"दिख रही है."

"तो आजा घर."

तो आठ वाजून एकतीस मिनिटांनी उतरला, सरळ, धावपट्टीच्या मधोमध. त्याच्यामागे मी. झडपा वेळेवर बंद केल्या. उतरल्यावर ब्रेक नेहमीसारखे फुसफुसले.

मुलाणी साहेब आधी ग्लायडरकडे गेले. मलिक अजून आतच बसलेला होता. त्याच्या पाठीमागून त्यांनी एक घडी केलेलं जाड कापड बाहेर ओढलं.

"ये क्या है?"

"खेस है, साहब. घर का. पैडल तक पैर नहीं पहुँचते, तो पीछे लगा लेता हूँ. मम्मी ने दिया."

त्याच्या घरी पानिपतला हातमाग होते. खेस मऊ होता, चार पदरी. धक्का बसला तसा तो पाठीमागे दबला, मलिक मागे सरकला आणि हातातली स्टिक त्याच्याबरोबर मागे आली. ग्लायडर वर चढलं. तो ते सावरायला पुढे वाकेपर्यंत तीन सेकंद गेले होते. बुटक्या माणसाने पाठीमागे मऊ काही घेऊ नये, हे पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, आणि तो पाच फेऱ्या त्या खेसावर टेकून व्यवस्थित उडाला होता.

"घर का है तो घर में रखते," मुलाणी साहेब म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. मलिक बाहेर उतरला. त्यांनी तो खेस त्याच्याच खांद्यावर टाकला आणि त्याला चहा सांगितला.

मग ते टिटवीच्या शेपटीकडे आले. खाली बसले. हुक उघडा होता. त्यांनी तो बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. मी शेजारी उभी होते.

"जड गेला का, मॅडम?"

"नाही."

"दोन्ही हात लागले?"

"दोन बोटं."

त्यांनी मान हलवली. खिशातली वही काढली, वेळ लिहिली आणि खाली दोन शब्द: हुक उघडला. वही परत खिशात ठेवली. उठताना त्यांनी शेपटीचा आधार घेतला. एरवी ते कोणाला विमानाला टेकू देत नसत.

साडेदहाला गेटवरून फोन आला. एका वीटभट्टीचा मुन्शी स्कूटरवरून आला होता. मागच्या सीटवर दोराचं भेंडोळं. गार्डला तो म्हणाला, "जी, आपकी रस्सी हमारे यहाँ गिर गई थी. धो के लाए हैं." दोर खरंच धुतलेला होता. त्यालाही चहा मिळाला.

मलिक पंधरा दिवस जमिनीवर राहिला. दरम्यान सुतारशाळेत तीन जाडीचे लाकडी पाट तयार झाले, वर पातळ कॅनव्हास. उंचीप्रमाणे पायलटने घ्यायचे. तो पुन्हा उडाला आणि पुढे चांगला उडाला. खेस त्याने युनिटला दिला. लाइनवरच्या झोपडीतल्या बाकावर तो अंथरला गेला. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होता.

हुक उघडला त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मुलाणी साहेब माझ्या ऑफिसात आले, दारात उभे राहिले. "रविवारी तुम्ही रिजकडे जाणार आहात का?" मी जाणार नव्हते. मी हो म्हटलं.

रविवारी अकराला आम्ही पोचलो. मुलाणी साहेब इस्त्रीच्या साध्या कपड्यांत होते, हातात मिठाईचा पुडा. साळवे बाईंनी दार उघडलं. मी ओळख करून दिली. बाई त्यांच्याकडे वळल्या.

"मुलाणी म्हणजे चहा न देणारे?"

मुलाणी साहेबांनी पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"सॅमी सांगायचा," त्या म्हणाल्या. "झडपा विसरला की चहा बंद. या, आत या."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. पुडा हातातच राहिला. मग त्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, चौकशीसमोर सांगावं तसं. ती सही. सरळ ओढून केलेली तपासणी. पोती. उलटा हुक. शेवटी बुधवार. बाईंनी मध्ये कुठेही थांबवलं नाही. त्या नर्स होत्या; माणसाला पूर्ण बोलू देण्याची सवय त्यांना होती.

"बुधवारी उघडला," त्या म्हणाल्या.

"उघडला, ताई."

"आणि तो मुलगा?"

"ठीक आहे. पानिपतला घरी जाऊन आला."

"आईला सांगितलं का त्याने?"

"नसेल सांगितलं."

"कोणी सांगत नाही," त्या म्हणाल्या आणि उठून चहा ठेवायला गेल्या. आतूनच त्यांनी विचारलं, "ते रोज ओरडता म्हणालात, ते नक्की काय?"

मुलाणी साहेबांनी सांगितलं. आधी नाव घ्यायचं, मग पायलट लिव्हर ओढतो, मग ओके.

"रोज?"

"उड्डाण असेल त्या प्रत्येक दिवशी. पावसाळ्यातसुद्धा विमान तयार ठेवतो, तेव्हाही."

"आणि रविवारी?"

"रविवारी सुट्टी असते."

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. पहिला कप त्यांनी मुलाणी साहेबांना दिला. भिंतीवर साळवेंचा एक फोटो होता, टिटवीच्या वर उघडलेल्या दाराखाली उभे असतानाचा.

"मग रविवारचं माझ्याकडे," त्या म्हणाल्या.

मुलाणी साहेबांनी कप खाली ठेवला, उभे राहिले आणि लाइनवर द्यायचे त्याच आवाजात, फक्त थोडं हळू, म्हणाले, "साळवे."

फोटोकडे न बघता बाईंनी उत्तर दिलं, "ओके."